विहीणबाईंच्या गावची तेलविहीर

मुलगी अकोल्यात दिली तेव्हा आमच्या पुण्याच्या सोसायटीतल्या बायकांनी मला असा धीर दिला होता, जणू ती सासरी नाही, सरहद्दीवर चालली आहे. "ऊन फार हो तिकडचं." "आणि बोलतात कसे, धाडधाड!" आता पोरगी चांगली रुळली. फोनवर मलाच "काहून वो आई?" म्हणून विचारते. पण तिच्या सासूबाईंच्या गावी, पूर्णा नदीच्या खोऱ्यात, मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. शेवटी गेले ती लेकीच्या ओढीनं नाही. तेलापायी गेले.

विहीणबाईंचं नाव शकुंतलाबाई. गावच्या सरपंच. फोनवरसुद्धा त्या ग्रामसभेत बोलल्यासारख्या बोलतात.

"इहीनबाई, तुमी जिंदगीभर तेलाचंच काम केलं नं?"

"हो, म्हणजे तसं..."

"मंग या एकडाव. आमच्या गावात तेल निंगालं."

"कसलं? गोडं?"

"चाष्टा करता का? जमिनीतलं! शब्बीरभाईच्या इहिरीत तवंग आला. सारं गाव बह्याड झालं. म्या सांगून ठेवलं सगळ्यायले, माही इहीन तेलवाली हाये, ते येऊन सांगन."

झालं! मला न विचारता माझी नेमणूक झाली होती. खरं सांगायचं तर मी तेलवाली म्हणजे कोण? नोकरीची सगळी वर्षं गुजरातेत, तेल काढणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काढली. खोल खणलेल्या छिद्रांतून दगडाचे लांब तुकडे यायचे. ते कापायचे, हुंगायचे, दिव्याखाली धरायचे आणि "तेल नाही" असं लिहून द्यायचं. तेल दुसरे शोधायचे, नकार मी द्यायचे. वऱ्हाडाचा तर सगळा तळ काळ्या कातळाचा, थंड झालेल्या लाव्ह्याचा. त्याच्या खाली काही दडलं आहे का, हे बघायला पूर्वी माणसं येऊन गेली होती, पण शब्बीरभाईंच्या विहिरीत ते आपणहून वर येईल, हे मला पटणं शक्य नव्हतं. तरीही बॅग भरली. एक भिंग घेतलं, दोन बाटल्या घेतल्या. मनात, कशाला खोटं बोलू, जराशी गुदगुली होत होती.

अकोला

अकोल्याच्या स्टेशनवर जावई घ्यायला आले होते. त्यांच्या शहराला पुण्यासारखी प्रस्तावनेची सवय नाही. रिक्षावाल्यानं मला बघितलं, बॅग उचलली आणि "बसा मावशी" म्हणून मोकळा झाला. वाटेत धान्याचा बाजार लागला, सरकीचा वास लागला. जावयांनी न विचारता गाडी थांबवून मला आलूबोंडा आणि तर्री खायला घातली. एका घासात कानातून वाफ आली. मी पाणी मागितलं तर दुकानदार म्हणाला, "पयले संपवा, मंग पाणी. मधात पाणी पेलं की जास्त लागते." तो शंभर टक्के बरोबर होता, पण ते मला संपवल्यावरच कळलं.

लेकीनं रात्री खरी गोष्ट सांगितली. तेल ही गंमत नव्हती. धरणातून गोड्या पाण्याची नळयोजना त्या पट्ट्यात येत होती. टाकी बांधायला उंचावरची जागा लागते आणि गावात तशी एकच, शब्बीरभाईंच्या शेताचा मारुतीलगतचा तुकडा. त्यांनी तो द्यायचं कबूल केलं होतं. मग विहिरीत तवंग दिसला आणि शब्बीरभाई फिरले. फिरले म्हणजे काय, अर्ध्या गावानंच त्यांना फिरवलं. तेल निघणाऱ्या जागेवर पाण्याची टाकी कोण बांधेल? रविवारी ग्रामसभा होती आणि सोमवारी इंजिनीअर येणार होते. जागा नसेल तर टाकी पलीकडच्या गावाला.

"आईंना झोप नाही गं," लेक म्हणाली. "सरपंच झाल्या त्या पाण्यासाठीच."

खारं गाव

शुक्रवारी मी एसटीनं निघाले. अकोला जिल्हा संपून अमरावती जिल्हा कुठे सुरू झाला, हे एसटीतल्या कुणाला माहीत नव्हतं आणि कुणाचं काही अडतही नव्हतं. दोन्हीकडे सपाट काळी जमीन, भेगाळलेली. उतरल्या उतरल्या माझी चप्पल एका भेगेत गेली आणि मी एका पायावर उभी. शकुंतलाबाई समोरूनच येत होत्या. त्यांनी भेगेत हात घातला, कोपरापर्यंत गेला, आणि चप्पल बाहेर काढून म्हणाल्या, "आमची जमीन पाव्हण्यायले अशीच पाय धरून थांबवते."

गावाचं नाव मी सांगणार नाही. त्या वर्षांत कापसाचं पार वाटोळं झालेलं, आणि गावोगावी पुढाऱ्यांच्या, पत्रकारांच्या गाड्या यायच्या. माणसं येत, मान हलवीत, चहा पिऊन जात. लोक त्या मान हलवण्याला विटले होते. त्यात तेलाची बातमी फुटली असती तर पुन्हा रांग लागली असती.

घरात दोन माठ होते. एक दारापाशी, एक आत फडक्यानं झाकलेला. "चूळ भरा याच्यातून, अन् प्या त्याच्यातून," शकुंतलाबाई म्हणाल्या. मी अर्थातच घाईत दारातल्या माठातलं प्याले. खारट! समुद्राइतकं नाही, पण घशाला कळेल इतकं. त्या पट्ट्यात जमिनीतलं पाणी असंच. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, दुधात घातलं तर चहा फाटतो. आतल्या माठातलं गोडं पाणी दुसऱ्या गावाहून सायकलवर कॅन बांधून आणलेलं असतं, आणि ते घरातली माणसं पाहुण्यादेखत पीत नाहीत. ते कळल्यावर मी आतल्या माठातल्या पाण्याचा एकच घोट घेतला आणि भांडं खाली ठेवलं.

जेवायला रोडगे होते. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे, वर तुपाची धार, बरोबर वांग्याची भाजी. मी पुणेरी सवयीनं "पुरे, पुरे" म्हणाले, तर त्यांनी खरोखरच वाढणं थांबवलं. आमच्याकडे "पुरे" म्हणजे आणखी दोनदा आग्रह. इथे पुरे म्हणजे पुरे! मला आणखी एक रोडगा हवा होता, तो मी निमूटपणे गिळलेल्या आशेत जमा केला. शकुंतलाबाईंनी माझा चेहरा बघितला आणि खो खो हसत आणखी एक वाढला. "पोटात हो अन् तोंडात नाई, असं आमच्यात नाई चालत, इहीनबाई."

मग विहिरीकडे वरात निघाली. शब्बीरभाई पिंजारी. गाद्या-रजयांचा कापूस पिंजणं हा पिढीजात धंदा, आणि हा एवढासा शेताचा तुकडा. पन्नाशीचे, दाढी पांढरी, आवाज मऊ. विहीर जुनी, दगडी, मारुतीच्या पारामागे. पाणी खारं म्हणून कुणी वापरत नव्हतं. वाकून बघितलं आणि खरंच, पाण्यावर रंग फिरत होते, निळे, जांभळे, सोनेरी.

इथे मी एक घोडचूक केली. बादली वर काढून काठी हातात घेतली आणि सगळ्यांना समजावून सांगत बसले. "हे बघा, साठलेल्या पाण्यावर लोखंडामुळेही असा पापुद्रा येतो. काठीनं हलवला की तो काचेसारखा तुटतो आणि तुकडे वेगळेच राहतात. तेलाचा तवंग तुटतो, पण पुन्हा जुळतो." माझी खात्री होती, पापुद्रा तुटणार. मी काठी फिरवली.

तवंग तुटला. आणि हळूच, गोल गोल फिरत, पुन्हा जुळला.

"जुळलं रे!" कुणीतरी ओरडलं. टोप्या उडाल्या. कुणी तरी लग्नातले उरलेले फटाके आणून लावले. मीही, शपथेवर सांगते, क्षणभर हुरळले. जन्मभर दुसऱ्यांचे दगड हुंगले आणि म्हातारपणी विहीणबाईंच्या गावात मला तेल सापडावं! मग मी बोट बुडवलं, चोळलं, नाकाशी नेलं. दगडातल्या तेलाचा वास मला झोपेतही कळतो. हा तो नव्हता. हा वास लोणच्याच्या बरणीच्या तळाला येतो तो होता, खवट.

मी मुलीची आई. मुलाच्या आईच्या गावात, तिच्या माणसांसमोर, फटाके वाजत असताना "हे जमिनीतलं तेल नव्हे" कसं म्हणू? शिवाय तेल तर होतंच! कुठून आलं, ते मला सांगता येत नव्हतं. "परवा सभेत सांगते," एवढंच म्हणाले.

सगळे पांगल्यावर शब्बीरभाई माझ्याजवळ आले. "भाभी, खरं सांगजा. मले मोटार नाई पाहिजे, बंगला नाई पाहिजे. फकस्त वर पाह्यणं बंद व्हावं."

"वर म्हणजे?"

"आभायाकडे. सकाई उठलो का वर पाह्यतो, निजाच्या आधी वर पाह्यतो. मान दुखून गेली माही. खालून काई आलं तं बरं होईन नं?"

मी नुसतीच त्यांच्याबरोबर खाली, विहिरीत बघत उभी राहिले.

शनिवार

सकाळी शकुंतलाबाईंनी तेलाची वाटी हातात दिली. "चला, मारुतीले तेल वाहून येऊ. तुमी बी मागून घ्या काई."

आमच्या पुण्यातही शनिवारी मारुतीला तेल वाहतात. पळीभर, तेही पळीच्या कडेवरून, जपून. इथे बघते तर रांगेत बाया-माणसं तेलाचे डबे घेऊन उभी! माझ्यापुढे सुंदराबाई म्हणून एक आजीबाई होत्या. कमरेत वाकलेल्या, पण डबा स्वतः धरलेला. त्यांनी झाकण काढलं आणि मारुतीच्या डोक्यावर आख्खा डबा उपडा केला. शेंदरावरून धार धो धो खाली आली.

"आजी, एवढं?"

"आता तेवढं लागते माय. पयले चमचाभर वाह्यत होतो. चांगलं पिकलं की चमचा बी इसरत होतो कदीमदी." सुंदराबाई हसल्या, दात नव्हतेच. "मंग पाऊस रुसला, मंग वाटी झाली. कपाशीले आळी लागली, मंग लोटा. भाव पडला, मंग डबा. समदं गावच असं करून राह्यलं. घरी फोडणीले नाई, पण त्याले कमी नाई पडू देलं."

मी धारेकडे बघत होते. व्यवसायाची खोड, दुसरं काय? एवढं तेल जातं कुठे? पार फरशी लावलेला, स्वच्छ, कुठे चिकटपणा नाही. मूर्तीच्या पायथ्याशी एक पन्हळ होती. ती मागे वळून भिंतीखाली गडप झाली होती. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

पाराच्या मागची जागा बोळकांडीएवढी. मी पदर खोचला आणि गुडघ्यांवर बसून आत शिरले. पाठीमागे कुजबुज झाली. मग एक बाई आदरानं म्हणाल्या, "सरका वो, सरका. पुण्याच्या बाईचा नवस हाये. गुडघ्यानं परदक्षिणा घालून राह्यल्या." आणि माझ्यामागे आणखी दोघी गुडघ्यांवर बसल्या! मला मागे वळता येईना, हसू आवरेना. तशीच पुढे सरकले. भिंतीतून एक पाइप निघून जमिनीत गेला होता. तोंडाभोवतीची माती तेलानं काळीकुळकुळीत. तिथून जमिनीची भेग थेट विहिरीकडे गेलेली, वीतभर रुंद, आणि भेगेच्या दोन्ही ओठांवर तेलाची चकाकी.

सगळं जुळलं. वर्षांपूर्वी फरशी लावताना लोक घसरू नयेत म्हणून कुणी शहाण्यानं पन्हळ मागे काढून दिली होती. मग जमिनीनं काम केलं. आम्ही तेलाचा अभ्यास करताना विचारतो, तेल तयार कुठे झालं, वाट कोणती धरली, साठलं कुठे. इथे तेल शेंदरी दगडावर उगम पावत होतं, काळ्या मातीतून वाहत होतं आणि शब्बीरभाईंच्या विहिरीत साठत होतं. त्या दगडाच्या उत्पादनाचा सगळा इतिहास सुंदराबाईंनी मला रांगेत उभ्या उभ्या सांगितला होता. पीक जसं घटत गेलं, तसं तेल वाढत गेलं. चमचा, वाटी, लोटा, डबा. गुडघ्यांवर बसल्या बसल्या माझं हसू कुठल्या कुठे गेलं आणि मला रडू आलं. मागच्या दोघींना वाटलं, नवस पावला.

संध्याकाळी शकुंतलाबाईंना एकटं गाठून सांगितलं. त्या आधी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग कपाळावर हात मारला.

"व माय! म्हंजे म्याच वाह्यलेलं तेल शोधाले म्याच तुमाले पुण्याहून बोलावलं?"

"तसंच म्हणायचं."

दोघी हसलो. हसता हसता त्या थांबल्या. "पण उद्या सांगन कोण? म्या सांगितलं तं म्हणतीन, सरपंचीणबाईनं टाकीसाठी तेल आटवलं. तुमालेच बोलणं पडन."

"मी मुलीची आई. तुमच्या गावात तुमच्या लोकांचं मन मोडू?"

"ते पुण्याले ठेवा," त्या म्हणाल्या. आवाज एकदम बसला होता. "माही नणंद खाऱ्या पाण्यानं किडनी जाऊन गेली. टाकी पलीकडं गेली तं मी या गावात तोंड काय दाखवू?"

रविवार, शाळेचा व्हरांडा

ग्रामसभेला एवढी गर्दी कधीच जमली नसेल. शब्बीरभाई पुढे बसले होते, स्वच्छ कुडता घालून. पोरीबाळी खिडकीत. शकुंतलाबाईंनी माइकवर फुंकर मारली, "आता इहीनबाई सांगतीन," म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता खाली बसल्या.

मी घुटमळले. आधी कातळाबद्दल बोलले, लाव्ह्याबद्दल बोलले. एक जण म्हणाला, "बाई, तेलावर या." मग मी आले. पाराची पन्हळ, पाइप, भेग, विहीर. लपवलं काहीच नाही.

मागून कुणी तरी म्हणालं, "खोटं हाये!" पण त्यात जोर नव्हता. दोन तरुण उठून पाराकडे पळाले, जरा वेळानं हात तेलकट करून परत आले आणि आपापल्या जागी बसले. मला वाटलं, आता शिव्या बसणार. बसल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या.

तेवढ्यात सुंदराबाई काठी टेकत उभ्या राहिल्या.

"म्हंजे थे आमचंच तेल?"

"हो आजी."

"समदं?"

"सगळं."

"डबे न डबे?" त्यांचा आवाज कापत होता. "मंग मारुतीनं काईच नाई घेतलं? एक थेंब बी नाई?"

याचं उत्तर कोणत्या प्रयोगशाळेत मिळतं? व्हरांड्यात बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. इतक्या वर्षांचे सगळ्यांचे नवस, पावसाचे, कपाशीचे, पोरांच्या नोकरीचे, पलीकडच्या खाऱ्या विहिरीत तरंगत होते आणि मी मूर्खासारखी त्याची बातमी देऊन उभी होते. शकुंतलाबाई तर मान खाली घालून बसल्या होत्या. मला वाटलं, टाकी गेली. या दुःखात कोण जागेचं बोलणार?

शब्बीरभाई उठले. त्यांनी सुंदराबाईंना हात धरून खाली बसवलं.

"माय, त्यात माहं बी तेल हाये," ते म्हणाले. "मी बी देत होतो शनवारी, याईच्या हातून." त्यांनी शेजारच्या माणसाकडे बोट दाखवलं, तो ओशाळून हसला. सभेत थोडी हालचाल झाली. शब्बीरभाईंनी एकदा बाहेर विहिरीच्या दिशेनं बघितलं. मग वळून शकुंतलाबाईंना म्हणाले, "भाभी, एवढ्या सालाचं एवढं तेल, अन् त्यानं एक थेंब ठेवून नाई घेतला. मी कोण मोठा लागून गेलो, जागा ठेवून घ्याले? इंजिनेराले सांगजा उद्या. बांधा टाकी."